सेंट मॅथ्यू बेटावरील रेनडिअर : कळपांच्या चढउताराच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

युरोप व आशियातील रेनडिअर आणि उत्तर अमेरिकेतील कॅरिबू ही एकाच जातीची जनावरे आहेत. शास्त्रीय नाव 'रँगिफर टॅरँडस'. त्यांचे कळप काही दशके फुगतात आणि मग ओसरतात. असे का होते, या प्रश्नाचा अभ्यास ज्या एका घटनेभोवती दीर्घकाळ फिरत राहिला, ती अलास्का आणि रशिया यांच्यामधील बेरिंग समुद्रातील सेंट मॅथ्यू या निर्मनुष्य बेटावर घडली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी तटरक्षक दलाचे एक छोटे केंद्र या बेटावर होते. रसद खुंटली तर अन्न हाताशी असावे म्हणून 1944 मध्ये तेथे 29 रेनडिअर सोडण्यात आले. लवकरच केंद्र बंद झाले, माणसे परतली आणि जनावरे मागे राहिली. बेटावर लांडगे नव्हते, शिकारीही नव्हते. जमिनीवर मात्र दगडफुलाचा जाड थर होता. आपल्या गोड्या मसाल्यात पडते त्याच गटातले, बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून घडलेले हे जीव रेनडिअरचा हिवाळ्यातला मुख्य आधार असतात. त्यांत प्रथिने फार कमी, पण ऊर्जा देणारी कर्बोदके भरपूर असतात, आणि खुरांनी बर्फ उकरून ती खाता येतात. अडचण एवढीच, की दगडफूल वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. एकदा खाल्लेले किंवा तुडवलेले कुरण भरून यायला दशके लागतात.

अलास्कातील वन्यजीव अभ्यासक डेव्हिड क्लाइन 1957 मध्ये बेटावर गेले, तेव्हा त्यांना 1,350 धष्टपुष्ट जनावरे आढळली. 1963 मध्ये ही संख्या 6,000 वर गेली होती. परंतु प्रौढ माद्यांचे सरासरी वजन 38 टक्क्यांनी आणि नरांचे 43 टक्क्यांनी घटले होते. माझ्या मते या साऱ्या हकिकतीतील सर्वांत मोलाची नोंद हीच आहे, कारण कळपाची संख्या शिखरावर असतानाच त्याची दुर्दशा जनावरांच्या अंगावर दिसू लागली होती. 1966 मध्ये क्लाइन परतले तेव्हा बेटभर सांगाडे पसरलेले होते आणि जिवंत उरली होती 42 जनावरे. त्यांत नर एकच, तोही शिंगांची वाढ नीट न झालेला. मेलेल्यांच्या हाडांतील मज्जेत चरबीचा अंशही शिल्लक नव्हता. पुढे हा कळप नामशेष झाला.

असे पहिल्यांदाच घडले होते असे नाही. त्याच समुद्रातील सेंट पॉल बेटावर 1911 मध्ये सोडलेल्या 25 जनावरांची 1938 पर्यंत दोन हजारांहून अधिक झाली आणि 1950 मध्ये केवळ आठ उरली. तरीही क्लाइन यांचा 1968 चा शोधनिबंधच अधिक गाजला, आणि मानवी लोकसंख्येला इशारा म्हणून तो जागोजागी वापरला गेला. हा वापर अपुऱ्या वाचनातून झाला, असे म्हणणे भाग आहे. 1963-64 चा हिवाळा तेथे असाधारण कडक होता आणि बर्फही अतोनात पडला होता. पुढे हवामानतज्ज्ञांसह क्लाइन यांनी स्वतःच या बाजूचा पुन्हा तपास केला. उजाड कुरणाने कळप दुबळा केला आणि त्या हिवाळ्याने त्याचा घास घेतला, असा दुहेरी उलगडा आता मांडला जातो.

हवामानाचा हा धागा नंतरच्या संशोधनात ठळक झाला. हिवाळ्यात पाऊस पडून तो जमिनीवर गोठला की दगडफूल बर्फाच्या कवचाखाली अडकते आणि खुरांना ते फुटत नाही. सायबेरियातील यमाल द्वीपकल्पावर नोव्हेंबर 2013 मधील अशा पावसानंतर सुमारे 61,000 रेनडिअर दगावले. नॉर्वेच्या स्वालबार्ड या आर्क्टिक द्वीपसमूहावर 1994 मध्ये जन्मलेल्या माद्यांचे प्रौढपणीचे सरासरी वजन 55 किलो होते, ते 2010 मध्ये जन्मलेल्यांत 48 किलोपर्यंत उतरले, आणि तरीही कळप वाढला, कारण उन्हाळे लांबले आणि गवत वाढले. बर्फाखालचे चरणे साधते की नाही, यासाठी स्कँडिनेव्हियाच्या उत्तर भागातील सामी पशुपालकांकडे 'गुओहतुन' असा स्वतंत्र शब्द आहे. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली ही बाब विज्ञानाने फार उशिरा मोजायला घेतली.

विमानातून मोजणी सुरू होण्यापूर्वीचे आकडे मात्र हाती नव्हते. कॅनडातील जॉर्ज नदीचा कळप 1990 च्या दशकारंभी सात-आठ लाखांचा होता आणि 2018 मध्ये तो सुमारे 5,500 वर आला. अशी घसरण पूर्वीही झाली होती का, हे कळण्यासाठी संशोधक स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांच्या मुळांकडे वळले. स्थलांतराच्या वाटांवर उघड्या मुळांवर खुरांचे घाव उमटतात आणि मुळांतील वार्षिक वलये मोजून प्रत्येक घावाचे वर्ष ठरवता येते. कॅनडाच्या वायव्य प्रदेशात अशा घावांतून निघालेला विसाव्या शतकाचा चढउतार तेथील आदिवासी वृद्धांनी सांगितलेल्या भरभराटीच्या आणि टंचाईच्या काळांशी जुळला.