ट्रान्सपरंट पीएनजी आणि ब्लेंड मोड

फोटोशॉप, गिंप, क्रिता असल्या सॉफ्टवेअरमधे मल्टिप्लाय, स्क्रीन, ओव्हरले वगैरे ब्लेंड मोड लावून केलेलं काम बॅकग्राऊंड काढून पीएनजीत (पारदर्शक भाग ठेवता येणारी चित्राची फाइल) सेव्ह करायचं, आणि तरी त्यातली सावली सावलीसारखी आणि चमक चमकेसारखीच दिसली पाहिजे, असा हा उद्योग. फ्लेक्सची डिझाईनं करणारे बहुतेक सगळे यात एकदा तरी तोंडघशी पडलेले असतात. प्रकार ठरलेला: गणपतीचा कटआऊट, मागे सोनेरी प्रभा स्क्रीन मोडवर, पायाशी सावली मल्टिप्लायवर, मॉनिटरवर सगळं झकास. मग बॅकग्राऊंडच्या लेयरचा (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या सुट्या थरांपैकी एक) डोळा बंद केला, म्हणजे ती लपवली, पीएनजी काढली, भगव्या बॅनरवर टाकली, तर बाप्पाच्या मागे काळा चौकोन आणि पाटाखाली राखाडी डाग. हा काळा चौकोन चांगला दहा फुटी छापून चौकात लागलेला मी बघितलाय.

ब्लेंड मोड म्हणजे वरच्या लेयरने खालच्या लेयरशी करायचा हिशोब. प्रत्येक रंगाला 0 (काळा) ते 255 (पूर्ण उजळ) असा आकडा असतो. मल्टिप्लायमधे खालचा आकडा गुणिले वरचा आकडा, भागिले 255. स्क्रीनमधे तेच गणित उलट्या आकड्यांवर (255 वजा आकडा), म्हणून मल्टिप्लायने गडद होतं आणि स्क्रीनने उजळतं. आता खाली काहीच नसेल तर गुणायचं कशाशी? फोटोशॉप अशा जागी लेयर सरळ नॉर्मल असल्यासारखी दाखवतं, त्यामुळे मल्टिप्लायमधे जो पांढरा भाग आणि स्क्रीनमधे जो काळा भाग इतका वेळ दिसत नव्हता तो आता ठळक उभा राहतो. गिंपची तऱ्हा वेगळी, तिथे मल्टिप्लायचा कॉम्पोझिट मोड (पारदर्शक जागी काय करायचं ते ठरवणारी सेटिंग) ऑटोवर असेल तर खाली पारदर्शक असलेल्या जागी लेयर कापलीच जाते, म्हणजे डाग येत नाही पण सावलीही गायब, आणि माणूस अर्धा तास लेयर शोधत बसतो.

यात पीएनजीचा दोष काढण्यात अर्थ नाही. 1996 साली आलेल्या या फॉरमॅटमधे एका पिक्सेलला (चित्रातल्या एका ठिपक्याला) चारच आकडे मिळतात, लाल, हिरवा, निळा आणि अल्फा. अल्फा म्हणजे तो ठिपका किती झाकतो, 0 ते 255. ही अल्फाची कल्पना एड कॅटमल आणि अल्व्ही रे स्मिथ यांनी 1970च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काढली आणि 1984 मधे लुकासफिल्मच्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एकावर एक चित्रं ठेवायचं गणित नीट मांडलं. फोटोशॉपमधे लेयर आल्या त्या त्यानंतर दहा वर्षांनी, 3.0 मधे. पण पीएनजीत लेयरच नाहीत, मग त्या लेयरने खालच्याशी कसं वागायचं हे लिहायला जागा कुठून असणार? म्हणून एक्स्पोर्टच्या खिडकीत कुठलं बटण दाबलं की मोड टिकेल हे शोधण्यात वेळ घालवू नये, तसं बटण नाही. बघायचं ते एवढंच की आपला इफेक्ट एक रंग आणि एक अल्फा यात बसवता येतो का.

राखाडी सावली बसते, आणि तंतोतंत बसते. भगव्याचे आकडे धरू 255, 153, 51. त्यावर 128 ची राखाडी मल्टिप्लाय केली की येतात 128, 77, 26, म्हणजे गडद भगवा, जसा हवा तसा. आता राखाडी विसरा, तिथे शुद्ध काळा रंग घ्या, नॉर्मल मोड ठेवा आणि अल्फा द्या 127 (255 वजा 128). उत्तर तेच, 128, 77, 26. म्हणजे राखाडी मल्टिप्लाय आणि अर्धपारदर्शक काळा ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, फक्त दुसरं पीएनजीला कळतं. फोटोशॉपची ड्रॉप शॅडो मुळातच काळी असते म्हणून मल्टिप्लायवर असूनही ती पीएनजीत बरोबर येते, बोंब होते ती फोटोतून उचललेल्या, पांढऱ्यावर पडलेल्या खऱ्या सावलीची. तिच्यासाठी नवीन लेयर काळ्याने भरायची, लेयर मास्क (पांढरं असेल तिथे लेयर दाखवणारा, काळं असेल तिथे लपवणारा) लावायचा, आल्ट दाबून मास्कवर क्लिक करून सावलीचं चित्र आत पेस्ट करायचं आणि कंट्रोल आय मारून उलटं करायचं, झालं. गिंपमधे कलर टू अल्फाला पांढरा रंग दिला की हेच काम एका फटक्यात होतं. पांढऱ्या चमकेचंही असंच, काळ्यावरचा पांढरा धूर स्क्रीन मोडवर असेल तर पांढऱ्याने भरलेली लेयर आणि मास्कमधे तो धूर, इथे उलटं करायचं नाही.

रंगीत चमक आली की मात्र गाडी अडते. सोनेरी प्रभेतला एक ठिपका घ्या, 200, 140, 40, आणि मागे निळा 30, 60, 150. खऱ्या स्क्रीन मोडने साधारण 206, 167, 166 येतात. पीएनजीसाठी नेहमीचा जुगाड असा की तीन आकड्यांतला मोठा (इथे 200) अल्फा म्हणून घ्यायचा आणि रंग त्या प्रमाणात वाढवायचा, याला अनमल्टिप्लाय म्हणतात. त्याने त्याच निळ्यावर येतात 206, 153, 72. लाल जुळला, हिरवा थोडा कमी, निळा निम्म्याहून खाली. कारण स्क्रीन लाल, हिरव्या, निळ्याला वेगवेगळं झाकतो आणि पीएनजीकडे तिघांत मिळून अल्फा एकच. काळ्या बॅनरवर फरक शून्य, भगव्यावर चालून जातं, निळ्यावर प्रभा तेलकट दिसते. रंगीत काचेसारखा मल्टिप्लाय पण याच कारणाने अडतो. ओव्हरले, कलर डॉज, ह्यू यांचं तर विचारूच नका, ओव्हरले खालचा रंग गडद आहे की फिका हे बघून गणितच बदलतो, त्यामुळे खाली काय येणार हे माहीत नसताना तो पारदर्शक पीएनजीत नेणं होतच नाही.

पण प्रत्यक्षात बऱ्याचदा ओव्हरले बॅकग्राऊंडसाठी नसतोच, मूर्तीच्या चेहऱ्यावर उजेड पाडायला असतो. तिथे काही हरवायचं कारण नाही, ती लेयर मूर्तीच्या लेयरला क्लिपिंग मास्कने बांधायची (मग ती मूर्तीच्या आकारापुरतीच दिसते), म्हणजे दोन लेयरच्या मधे आल्ट क्लिक, मग खालचा रंग ठरलेला असतो आणि तयार रंग पीएनजीत उतरतो. कर्व्हज वगैरे, खालच्याचा रंग-उजेड बदलणाऱ्या अॅडजस्टमेंट लेयरनाही हेच लागू. ग्रुप केला असेल तर त्याचा मोड बघावा, फोटोशॉप आपणहून पास थ्रू ठेवतं, त्यात आतले मोड ग्रुपच्या बाहेर खाली गळतात आणि आपण समजतो की ग्रुपपुरतंच चाललंय. तो नॉर्मल केला की मॉनिटरवर दिसतं तेच पीएनजीत येतं, बिघडायचं ते निदान आधी कळतं. एक्स्पोर्ट करण्याआधी खाली एक लाल आणि एक निळी लेयर ठेवून आळीपाळीने डोळे उघडून बघायची सवय लावली तर निम्मी डोकेदुखी वाचते. फक्त पांढऱ्यावर तपासलं की सगळं छानच वाटतं.

जिथे रंगीत प्रभा जशीच्या तशी हवी तिथे ती कटआऊटमधे घालूच नये. मूर्तीची पीएनजी वेगळी, प्रभेची फाइल काळ्या बॅकग्राऊंडसकट वेगळी, आणि समोरच्याने ती आपल्याकडे स्क्रीनवर टाकायची. व्हिडिओवाले आग, धूर, ठिणग्या काळ्यावर शूट करून देतात ते याचसाठी. वेबसाइट असेल तर सीएसएसमधे मिक्स-ब्लेंड-मोड लिहिता येतो. पीडीएफला 2001 पासून, 1.4 आवृत्तीपासून, ब्लेंड मोड कळतात. नाहीतर सरळ लेयरवाली फाइल द्यायची, पीएसडी, गिंपची एक्ससीएफ, क्रिताची केआरए. आपल्याकडे पिक्सेललॅब या मोबाइल अॅपवर बॅनर करणारी पोरं पीएनजीऐवजी पीएलपी फाइल मागतात त्यामागे हीच सोय आहे, आत सगळं सुटं मिळतं. फ्लेक्सवाल्याकडे बहुधा कोरल हे डिझाईनचं सॉफ्टवेअर असतं, आणि कोरलमधे ब्लेंड मोड या नावाने शोधलं तर सापडत नाही, तिथे ट्रान्सपरन्सी टूलमधे त्याला मर्ज मोड म्हणतात. शिवाय त्याची फाइल सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या आकड्यांत) असेल तर तोच मल्टिप्लाय शाईच्या आकड्यांवर चालतो आणि सावलीची छटा आपल्या आरजीबीपेक्षा (लाल, हिरवा, निळा) थोडी वेगळी उतरते, तेव्हा प्रभेची फाइल पाठवताना मोडचं नाव सोबत लिहून द्यावं आणि आपल्याकडे कसं दिसतंय त्याची एक जेपीजीही जोडावी.