डॅशहाउंड घरी आणताय? आधी हे वाचा

आखूड पाय, लांबलचक पाठ आणि लोंबते कान पाहून पिल्लू लगेच आवडतं. पण डॅशहाउंड मांडीवर बसवण्यासाठी घडवलेला कुत्रा नव्हे. जर्मनीतल्या शिकाऱ्यांनी तो बॅजरच्या बिळात शिरण्यासाठी तयार केला. बॅजर हा दांडग्या नखांचा, जमिनीखाली राहणारा प्राणी. कोंडीत सापडला की तुटूनच पडतो. तिथे अंधारात हुकूम द्यायला मालक नसतो, सगळं कुत्र्यानेच ठरवायचं. त्यामुळे हा आजही आपल्या मर्जीचा मालक आहे. हाक ऐकतो, पण येईल तेव्हा येईल. कुंड्या उकरतो. आणि भुंकणं असं खणखणीत, की जमिनीवरच्या शिकाऱ्याला बिळातल्या कुत्र्याचा ठावठिकाणा कळावा. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं!

या जातीचा क्लब जर्मनीत १८८८ साली निघाला. सशाच्या बिळासाठी आणखी छोटा प्रकारही तिथलाच. तिथे आकार वजनावर नाही, छातीच्या घेरावर ठरतो. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकचा शुभंकर ‘वाल्डी’ डॅशहाउंडच होता. केस तीन तऱ्हांचे: गुळगुळीत, लांब आणि राठ. आपल्या उकाड्यात आम्ही गुळगुळीतच सुचवतो.

आता मुख्य मुद्दा, पाठीचा. पाय आखूड करणारा जनुकीय बदलच मणक्यांमधल्या गाद्या लवकर कडक करतो. साधारण पाचातल्या एका डॅशहाउंडला कधी ना कधी हा त्रास होतो. म्हणून सोफ्यावरून उड्या नकोत, जिने तर नकोतच. लिफ्ट नसेल तर उचलून न्या. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ आडवी सरळ. पुढचे पाय धरून लोंबकळवू नका. वजनही आटोक्यात ठेवा: फासळ्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर पोळीचे तुकडे बंद करा.

पाठ कमानीसारखी वर आली, उचलताच केकाटला किंवा मागचे पाय लटपटले, तर चोळत बसू नका. हालचाल थांबवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या.

फिरवताना गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस वापरा. माप घ्यायला कुत्र्यालाच दुकानात आणा: छाती मीडियमची आणि पाय स्मॉलचे, असं याचं अंग असल्याने पाकिटावरचा साइज सहसा बसत नाही.