नागपूर परिसरातील पायवाटा

नागपूर शहराभोवती साधारण पन्नास किलोमीटरच्या टापूत, एका सकाळीत किंवा फार तर एका दिवसात चालून होणाऱ्या टेकड्या, तळ्यांचे काठ, पांदणरस्ते व यात्रामार्ग. गिर्यारोहणाची साधने लागतील असे इथे काही नाही. सह्याद्रीतल्या दुर्गभ्रमंतीशी या वाटांची तुलना करू नये. बहुतेक वाटा मुळात देवाला जाणाऱ्यांनी आणि गुराख्यांनी पाडलेल्या आहेत. नागपूर हे देवगडच्या गोंड राजाने, बख्तबुलंदाने, अठराव्या शतकाच्या आरंभी (सामान्यतः १७०२) वसवलेले तुलनेने अलीकडचे शहर. वाटा मात्र त्याहून बऱ्याच जुन्या असून त्यांतल्या महत्त्वाच्या वाटा शहराकडे न येता रामटेक-नगरधनच्या जुन्या केंद्राभोवती फिरतात.

भूरूप : शहर दोन प्रकारच्या भूमीच्या सांध्यावर आहे. पश्चिमेस दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या सपाट माथ्याच्या टेकड्या व काळी कपाशीची जमीन. पूर्वेस व ईशान्येस त्याहून कितीतरी प्राचीन असे रूपांतरित खडक. शहराच्या मधोमध असलेली सीताबर्डीची जोड टेकडी पहिल्या प्रकारची, रामटेकची डोंगररांग दुसऱ्या. चालणाऱ्याला हा फरक पायाखालीच कळतो. पश्चिमेकडे पावसाळ्यात चपलेला काळा चिखल चिकटतो, रामटेकला तांबूस माती आणि ठिसूळ दगड.

रामटेक : नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किमी. शहरातून थेट रेल्वे व बस. टेकडीवर गाडीरस्ता झाला असला तरी खरी वाट अंबाळा तलावाकडून चढणाऱ्या पायऱ्यांची. तलावाच्या घाटावर पिंडदानाचे विधी चालतात, काठाला लहान-मोठ्या देवळांची ओळ आहे. पायऱ्या रुंद व ठेंगण्या आहेत, म्हातारी माणसेही बसत-उठत चढतात. दुतर्फा सीताफळीची झुडपे व जागोजाग वानरे. हातातली प्रसादाची पिशवी वानर हिसकावते, ती झाकून न्यावी. वर भोसल्यांच्या काळात दुरुस्त व भक्कम झालेली तटबंदी, एकामागून एक दरवाजे आणि राम-लक्ष्मणाची देवळे. वाटेतल्या भव्य वराहमूर्तीच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघण्याची चाल आहे. पापी माणूस अडकतो, असे म्हणतात. जाड माणसे हसत माघार घेतात. माथ्यावरून खिंडसी तलावाचे पाणी दिसते. कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा भरते.

टेकडीचे ‘सिंदूरगिरी’ हे नाव लक्ष्मण मंदिरातील यादवकालीन (तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील) शिलालेखात येते, ‘तपंगिरी’ हेही येते. दगडाचा तांबडा रंग हे सिंदूरगिरी नावाचे उघड कारण. नरसिंहाने हिरण्यकशिपूला मारले तेव्हा रक्ताने डोंगर माखला, ही कथा त्याच रंगावर उभी आहे. तिचा संबंध टेकडीवरील केवल-नरसिंह व रुद्र-नरसिंह या वाकाटककालीन (वाकाटक हे विदर्भावर राज्य करणारे प्राचीन राजघराणे) देवळांशी असावा. केवल-नरसिंह मंदिरातील पाचव्या शतकातील लेख वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या घराण्याशी संबंधित असून हान्स बाकर (Hans Bakker) व इतर अभ्यासकांनी त्याचा अभ्यास केला आहे. ही दोन्ही देवळे लहान, ठेंगणी व कमी गर्दीची आहेत. रामाकडे जाणारे बहुतेक लोक त्यांना वळसा घालून निघून जातात.

रामगिरीचा वाद : कालिदासाच्या *मेघदूता*तील यक्ष ज्या रामगिरीवर राहिला तो डोंगर म्हणजे रामटेक, हे मत एच. एच. विल्सन यांच्या १८१३च्या इंग्रजी भाषांतरात आढळते. पुढे नागपूरचे संस्कृत पंडित वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५) यांनी ते साधार मांडले. *मेघदूता*चा जुना टीकाकार मल्लिनाथ याने रामगिरी म्हणजे चित्रकूट असे म्हटले आहे. तिसरे मत छत्तीसगडमधील सरगुजा भागातील रामगढच्या बाजूने आहे. तेथील सीताबेंगा व जोगीमारा या गुहांमुळे त्याला वजन येते.

निर्णय मुख्यतः मेघाच्या मार्गावर अवलंबून आहे. यक्ष मेघाला ‘उदङ्मुख’ म्हणजे उत्तराभिमुख होऊन उडायला सांगतो, मग माळाच्या प्रदेशावरून ‘किंचित्पश्चात्’ जाऊन पुन्हा उत्तरेकडे. त्यापुढे आम्रकूट, विंध्याच्या पायथ्याशी विखुरलेली रेवा (नर्मदा), दशार्ण देश व विदिशा हा क्रम येतो. चित्रकूट नर्मदेच्या उत्तरेस असल्याने तिथून निघालेल्या मेघाला विदिशेसाठी नैर्ऋत्येस यावे लागेल व नर्मदा वाटेत येणारच नाही. रामगढ नर्मदेच्या उगमाच्याही पूर्वेस. उत्तरेकडे जाताना ती तिथेही आड येत नाही. रामटेकहून विदिशा मात्र वायव्येकडे, किंबहुना उत्तरेकडे झुकलेली असून मधे नर्मदा ओलांडावी लागते. ‘पश्चात्’चा अर्थ ‘पश्चिमेकडे’ घेतला तर मेळ अधिकच बसतो, ‘त्यानंतर’ घेतला तर हा एक आधार सैल होतो. रामटेकपक्षाची कच्ची बाजू आम्रकूट ही आहे. आम्रकूट म्हणजे अमरकंटक धरल्यास मेघ ईशान्येकडे मोठे वळण घेतो. म्हणून हा पक्ष आम्रकूट सातपुड्यात अन्यत्र शोधतो, आणि तो कुठे यावर एकमत नाही.

शिलालेखीय आधार रामटेकच्या बाजूने झुकतो. प्रभावतीगुप्तेचा रिद्धपूर ताम्रपट ‘रामगिरिस्वामिनः पादमूलात्’ दिलेला आहे, आणि तिचा पुणे ताम्रपट नंदिवर्धनातून. नंदिवर्धन म्हणजे रामटेकपासून सहा-सात किमीवरील नगरधन, हे आज बहुतेकांना मान्य आहे. ताम्रपटातला रामगिरी आणि काव्यातला रामगिरी एकच, हे मात्र त्याने आपोआप सिद्ध होत नाही. आषाढाच्या पहिल्या दिवशी (की शेवटच्या, कारण ‘प्रथमदिवसे’ऐवजी ‘प्रशमदिवसे’ हाही पाठ आहे) टेकडीवर जाणाऱ्यांची यामुळे काही अडचण होत नाही. ढग त्या सुमारास खरोखरच टेकडीला टेकलेले असतात.

नगरधन व मनसर : रामटेकहून नगरधनला जाणारी वाट सपाट आहे, धानाच्या बांध्या, पानमळे आणि शिंगाड्याची तळी ओलांडत जाते. पानमळे बारई समाजाचे. वेलींवर गवताचे छप्पर असल्याने बाहेरून पाहणाऱ्याला ती एखादी लांबलचक झोपडी वाटते. गावाजवळ भुईकोट किल्ला आहे. महाराष्ट्र शासनाचा पुरातत्त्व विभाग व डेक्कन कॉलेज यांनी २०१५ ते २०१८ या काळात नगरधनला उत्खनन केले. त्यात प्रभावतीगुप्तेच्या नावाची, शंखचिन्ह असलेली मातीची मुद्रा मिळाली. मनसर रामटेकच्या पश्चिमेस जबलपूर महामार्गावर. येथील हिडिंबा टेकडी तळ्याकाठी असून अर्ध्या तासात चढून होते. जगत्पती जोशी व ए. के. शर्मा यांच्या उत्खननानंतर इथले विटांचे भव्य बांधकाम म्हणजे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचे प्रवरेश्वर मंदिर आणि मनसर म्हणजेच त्याची राजधानी प्रवरपूर, असे मत पुढे आले. मिराशींनी प्रवरपूर वर्ध्याजवळील पवनारला मानले होते. येथील अवशेष बौद्ध आहेत असाही दावा आहे. विटांच्या भिंतींवर चढू नये.

जुनापाणी : शहराच्या वायव्येस काटोल रस्त्यालगत, गोरेवाड्यापलीकडे. इथे महापाषाणयुगीन शिलावर्तुळे (दफनांभोवती रचलेली दगडांची कडी) मोठ्या संख्येने आहेत. काळ्या दगडांची ही वर्तुळे झुडपांत पसरलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कारनॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांतली काही खोदली, १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी पुन्हा उत्खनन केले. काळ इ. स. पू. पहिल्या सहस्रकातला मानतात. दगडांवरील वाटीसारखे खळगे दिशादर्शक आहेत असे काही खगोल-अभ्यासक म्हणतात. दफनविधीचा भाग असावेत हे स्पष्टीकरण अधिक साधे आहे. ठळक वाट नाही, गुरांच्या वाटेने जावे. माहूरझरी, टाकळघाट-खापा व नायकुंड हीही याच संस्कृतीची स्थळे.

इतर : अदासा (कळमेश्वरपलीकडे) येथे मोठी गणेशमूर्ती व मागे महादेवाची टेकडी. जवळच चंद्रभागेकाठी धापेवाड्याचे विठ्ठलमंदिर, आषाढात दिंड्या पायी येतात. वैनगंगेच्या संगमावरील अंभोरा मुकुंदराजाच्या *विवेकसिंधू*शी (शके १११०) जोडला जातो. अंबेजोगाईचा दावा त्याला प्रतिस्पर्धी आहे. शहरात अंबाझरी, फुटाळा व सेमिनरी हिल्स.

काळ : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दहाच्या आत घरी परतावे. पावसाळ्यात पांदणीतला चिखल गुडघ्यापर्यंत येतो, आणि शेताच्या धुऱ्यावरून जायचे तर आधी मालकाला विचारावे. रामटेकच्या उत्तरेस पेंच व्याघ्रप्रकल्पाचे जंगल सुरू होते. त्याच्या हद्दीत पायी फिरता येत नाही.