27 वर्षं रखडलेला बँड

सांगलीत विश्रामबागच्या हॉस्टेलवर आमच्याकडे एक कॅसेट होती. नव्वद मिनिटांची कोरी टीडीके, पुण्याच्या एका मित्राकडून भरून आणलेली. निळ्या बॉलपेनने वर नुसतं ‘क्लॅश’ लिहिलेलं, म्हणजे लंडनचा पंक बँड. पंक म्हणजे साधं, आक्रमक रॉक संगीत. कुणी चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड करू नये म्हणून मागच्या कडेचे दोन्ही चिमुकले प्लॅस्टिकचे तुकडे आम्ही पहिल्याच दिवशी मोडून टाकले होते. आता पन्नाशी उलटल्यावर आमच्यातले चौघं रविवारी पुन्हा गिटार-ड्रम घेऊन बसायला लागलो, तेव्हा घरच्या पोरांनी विचारलं, या वयात नवीन बँड कशासाठी? माझ्या डोळ्यांपुढे कार्बन/सिलिकॉन हा बँड आला. त्याची गोष्ट मुळापासून सांगायला हवी.

1975 साली लंडनमध्ये मिक जोन्स आणि टोनी जेम्स या दोघांनी बँड काढायचं ठरवलं. नाव ठेवलं लंडन एसएस. जोन्स विशीतला. पुढे तो आजीकडे राहिला, एका टोलेजंग इमारतीत 18व्या मजल्यावर. खिडकीतून खाली वेस्टवे हा उड्डाणपूल दिसायचा. दोघांनी ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकात जाहिराती दिल्या आणि पॅडिंग्टनच्या एका कॅफेच्या तळघरात वाजवणारी पोरं पारखायला सुरुवात केली. कोण कोण आलं पाहा. ब्रायन जेम्स आणि रॅट स्केबीज आले, त्यांनी पुढे डॅम्ड काढला आणि ऑक्टोबर 1976 मध्ये ब्रिटिश पंकची पहिली सिंगल त्यांच्याच नावावर लागली. पॉल सिमोनन आला, ड्रम वाजवणारा टॉपर हेडन आला. ते दोघं नंतर क्लॅशमध्ये गेले. लंडन एसएसचा मात्र एकही कार्यक्रम झाला नाही. सगळी तालीमच.

बाहेर ब्रिटनची दशा वाईट होती. बेकारांचा आकडा 10 लाखांच्या वर गेलेला, आणि 1976 मध्ये सरकारला नाणेनिधीकडे कर्ज मागावं लागलं. गिटारवर तीन कॉर्ड येतात ना, मग उभा राहा मंचावर, हा पंकचा आग्रह त्या पोरांना आपलासा वाटला यात नवल नाही.

दोघं मित्र वेगळे झाले. जोन्स क्लॅशमध्ये, जेम्स बिली आयडॉलबरोबर जनरेशन एक्समध्ये. किर्लोस्कर मंडळी सोडून बालगंधर्व, टेंबे आणि बोडस यांनी 1913 मध्ये स्वतःची कंपनी काढली, हे सांगलीकराला सांगावं लागत नाही. कलावंतांच्या मंडळ्या फुटतात, नव्या उभ्या राहतात. बालगंधर्वांचं नागठाणे तर आमच्याच जिल्ह्यातलं.

क्लॅशची मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे रेकॉर्डच्या किमतीवरून ते कंपनीशी भांडायचे. 1979 चा ‘लंडन कॉलिंग’ दोन रेकॉर्डचा, पण विकला एकाच्या भावात. पुढच्या वर्षीचा ‘सँडिनिस्टा!’ तर तीन रेकॉर्डचा, 36 गाण्यांचा. तोही स्वस्तात मिळावा म्हणून त्यांनी रॉयल्टीवर पाणी सोडलं. ऐकणाऱ्या पोराच्या खिशात किती पैसे आहेत, याचा विचार करणारे वादक होते ते.

पण बँड टिकला नाही. हेरॉइनच्या व्यसनापायी हेडनला 1982 मध्ये काढलं, पुढच्या वर्षी खुद्द जोन्सलाच. जोन्सने बिग ऑडिओ डायनामाइट हा बँड काढला. जेम्सच्या सिग सिग स्पुटनिक या बँडने 1986 च्या अल्बममध्ये दोन गाण्यांच्या मधली जागा जाहिरातींना विकली.

2002 मध्ये, लंडन एसएसनंतर 27 वर्षांनी, जोन्स आणि जेम्स पुन्हा एकत्र बसले आणि कार्बन/सिलिकॉन जन्माला आला. त्याच वर्षी 15 नोव्हेंबरला, लंडनच्या अॅक्टन भागात संपावरच्या अग्निशामक जवानांसाठी जो स्ट्रमरचा कार्यक्रम होता. प्रेक्षकांत बसलेला जोन्स उठून मंचावर गेला आणि क्लॅशमधल्या आपल्या या जुन्या सोबत्याबरोबर 19 वर्षांनी वाजवला. महिनाभरात, 22 डिसेंबरला, स्ट्रमर गेला. वय 50. ही तारीख वाचली की मला आमच्या रविवारच्या बैठकीतली रिकामी खुर्ची आठवते. आमचा पाचवा आता नाही.

नव्या बँडने काय केलं? रेकॉर्ड कंपन्या गाणी उतरवून घेणाऱ्यांवर खटले भरत होत्या त्या काळात यांनी आपली गाणी इंटरनेटवर फुकट ठेवली. ‘एमपीफ्री’ हे त्यांचं सुरुवातीचं गाणं याच विषयावरचं. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करा, एकमेकांना द्या, आमची हरकत नाही, असं ते उघड सांगायचे. गाण्यांमधली जागा विकणारा जेम्सही त्यात होता. 1980 च्या दशकात ब्रिटिश कंपन्या घरी कॅसेट भरणाऱ्यांना संगीताचे मारेकरी म्हणत होत्या. आमच्यासारख्यांना तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. ज्याचं संगीत आम्ही असं उचललं, तोच माणूस पुढे म्हणाला, घ्या.

जानेवारी 2008 मध्ये या बँडने पश्चिम लंडनमधल्या एका छोट्या जागेत सलग कार्यक्रम केले. जागा वेस्टवेच्या पुलाखालची. पहिल्या रात्री टॉपर हेडन येऊन ड्रमवर बसला. व्यसनातून बाहेर आलेला, जोन्सबरोबर सुमारे 25 वर्षांनी. त्यांनी क्लॅशची गाणी वाजवली. तळघरात पोरं पारखली जात होती तेव्हा जाहिरात वाचून आलेला हाच ड्रमवाला.

आमची कॅसेट अजून आहे. फीत एका जागी चुरगळली आहे, तिथे आवाज क्षणभर बुडतो. आमचा ड्रमवाला वाजवतानाही त्या जागी एक ठोका सोडतो.