वेण्णाकाठचं दहिवर आणि हिमालयातला उतार

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्यात पहाटे गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. हवेचं तापमान तेव्हा शून्याच्या वरच असतं. पण आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की पान आणि पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षा गार होतात. त्यांच्यावरचं दव गोठतं. ऊन आलं की सगळं विरघळून जातं.

हिमालयात हेच दहिवर बर्फावर धरतं. तिथं वाफ पाणी न होता थेट स्फटिक बनते. पिसासारखे पातळ, उभे, चमचमते स्फटिक, फार देखणे. त्यावर नवा बर्फ पडला की ते गाडले जातात आणि कधीकधी कित्येक आठवडे तसेच टिकतात. वरचं वजन ते पेलतात, पण आडवा जोर त्यांना सोसत नाही. एका माणसाच्या पावलाने थर खचतो, तडा सरसरत पसरतो आणि वरच्या बर्फाची अख्खी लादी सुटून खाली घसरते. हेच हिमस्खलन. 20 मीटर लांब-रुंद, अर्धा मीटर जाड लादी घ्या. घनमीटरला 200 किलो धरले तरी 40 टन होतात, म्हणजे उसाने भरलेले दोन ट्रक.

वासोटा, अजिंक्यतारा चढून तयार झालेली नजर इथं फसते. आपल्याला कड्याची भीती वाटते. बर्फात अगदी उभ्या कड्यावर फारसं साठतच नाही, थोडं थोडं झडत राहतं. लाद्या बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, नेमक्या चालता येईल अशा जागी. आणि आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावर असा उतार असेल तर धोका तोच.

उतार मोजायला दोन सारख्या लांबीच्या काठ्या पुरतात. एक उताराच्या दिशेने बर्फावर आडवी दाबून तिच्या दोन्ही टोकांची खूण करा. मग तिचं वरचं टोक खुणेवरच ठेवून खालचं टोक उचला आणि त्याला दुसरी काठी ओळंब्यासारखी सरळ लोंबती धरा. लोंबत्या काठीचं टोक खालच्या खुणेवर टेकेपर्यंत पहिली काठी वर-खाली करा. नेमकं टेकलं तर उतार 30 अंश. खुणेच्या खाली टेकलं तर त्याहून जास्त.

पायाखाली ‘धप्प’ आवाज होऊन बर्फ बसला, पावलापासून तडे धावले किंवा शेजारच्या उतारावर ताजी लादी सुटलेली दिसली, तर त्या दिवशी तसल्या उतारावर जायचंच नाही. 24 तासांत फूटभर बर्फ पडला असेल तरीही नाही. वाऱ्याच्या आडोशाची बाजू अधिक वाईट. वारा पलीकडचा बर्फ उचलून तिथंच आणून टाकतो.

हिमालयातल्या ट्रेकला निघण्याआधी आयोजकांना एक विचारा: प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा संदेशाने कळवणारं यंत्र), शोधकाठी (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं आहे का? गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक वाचतात. अर्ध्या तासानंतर थोडेच. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही. शोधकाठी माणसाला लागली की ती उपसायची नाही, तिथंच राहू द्यायची. खणायचं काठीच्या जागेवर उभं राहून नाही, तर थोडं खाली सरकून, उताराच्या खालच्या अंगाने. वर उभं राहिलं तर त्याच्या तोंडापुढची हवेची पोकळी आपल्याच वजनाने दबते.