मावा किती निघेल?

आमच्या इंदुरात सराफ्याजवळ एक हलवाई आहे. नवा दूधवाला आला की हा लिटरचा भाव आधी विचारत नाही. ‘मावा कितना निकलेगा?’ एवढंच विचारतो. मग कॅनमधलं किलोभर दूध कढईत ओतून, तळ खरवडत आटवतो आणि उरेल ते तराजूत टाकतो. म्हशीच्या दुधाचा मावा दोनशे ग्रॅमच्या वर भरतो, गाईच्या दुधाचा त्याच्या आत. भाव त्यावर ठरतो.

‘अमुक देशात दूध उत्पादन स्थिर’, ‘तमुक देशात अर्ध्या टक्क्यानं घट’ अशा बातम्या वाचल्या की मला हा हलवाई आठवतो. या बातम्या लिटर नाहीतर टन मोजतात, आणि गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असतं. जहाजानं परदेशी जातं ते लोणी, चीज आणि भुकटी. पाणी बहुतेक कारखान्यातच उडून गेलेलं असतं.

पण हे पाणी दुधात येतं कुठून? गाय जास्त पाणी प्यायली की दूध वाढतं, असा आपला साधा समज. तहानलेली गाय दूध कमी देते हे खरंच, पण पाण्याची मात्रा ठरवते ती साखर. कासेतल्या दूध करणाऱ्या पेशींच्या आत इवल्या पिशव्या असतात. त्यांत ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज जोडून लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, तयार होतं. हे लॅक्टोज पिशवीच्या पडद्यातून बाहेर पडू शकत नाही, पाणी मात्र आत येऊ शकतं. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटतं ना, तोच हा परासरणाचा खेळ. लॅक्टोज जितकं जास्त, तितकं पाणी आत ओढलं जाणार. म्हणून तर दुधातलं लॅक्टोजचं प्रमाण पावणेपाच-पाच टक्क्यांवरून फारसं हलत नाही. साखर वाढली की पाणीही वाढतं, गोडी तेवढीच राहते.

लॅक्टोज बनायला अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन नावाचं प्रथिन लागतं. १९९०च्या दशकात त्याचं जनुक बंद केलेल्या उंदरिणी तयार केल्या, तर त्यांचं दूध इतकं दाट झालं की पिल्लांना ते ओढताच येईना. थोडक्यात, जिवंतपणीच मावा!

आता गंमत अशी की गाईच्या आतड्यातून रक्तात ग्लुकोज जवळजवळ जातच नाही. पोटातले जिवाणू चारा आंबवून त्याची आम्लं करतात. त्यातल्या प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज बनवतं, आणि ॲसेटिक आम्लातून कासेत स्निग्धांश तयार होतो. भरड धान्य जास्त घातलं की पहिलं वाढतं, तंतुमय चारा असला की दुसरं. म्हणजे लिटर आणि फॅट यांचे लगाम वेगवेगळ्या हातांत आहेत.

(जनावराचं दूध एकाएकी आटलं की आमच्याकडे अजून नजर उतरवतात. उन्हाच्या तडाख्यानं चारा सुटला की आधी ग्लुकोज घटतं, मग दूध. दूध खारट लागलं तर ती दृष्ट नव्हे, दगडी, म्हणजे कास सुजण्याचा रोग. सुजलेल्या कासेतून लॅक्टोज गळतं आणि त्याची जागा रक्तातलं मीठ घेतं. मिरच्या ओवाळण्यापेक्षा डॉक्टरला बोलवा.)

हे ध्यानात ठेवून निर्यातदार देशांचे आकडे बघा. अमेरिकेत २०२१ ते २०२४ दूध दरवर्षी सव्वादहा कोटी टनांच्या आसपासच राहिलं. कागदावर वाढ शून्य. पण त्याच दुधातली फॅट, जी २०१०च्या सुमाराला ३.७ टक्क्यांच्या आगेमागे होती, ती २०२४ मध्ये ४.२ वर गेली. २००९ पासून तिथे जनुकं तपासून वळू निवडतात, आणि भावही दुधातल्या फॅट-प्रथिनांसारख्या घटकांवर मिळतो. न्यूझीलंडमध्ये २०१४-१५ साली ५० लाख दुभत्या गाई होत्या, आता ४७ लाखांच्या आसपास आहेत. तरी वर्षाचे घन पदार्थ, म्हणजे फॅट आणि प्रथिनं मिळून, १९० कोटी किलोंच्या घरातच आहेत. तिथे शेतकऱ्याला पैसे किलोभर घन पदार्थांचे मिळतात. उलट दूध पातळ असेल तर जास्तीच्या लिटरांपोटी रक्कम कापतात, कारण ते पाणी वाहून आणायचं आणि उडवायचं. आमच्या हलवायाला हे सांगितलं तर म्हणेल, ‘बराबर तो है!’

युरोपनं १९८४ पासूनचा दुधाचा कोटा ३१ मार्च २०१५ ला उठवला. तेव्हा दुधाचा पूर येणार अशी ओरड होती. आयर्लंडनं जोरात मजल मारली, बाकीचा पूर लवकर ओसरला. ऑस्ट्रेलियाची घसरण मात्र मावा मोजूनही झाकता येत नाही. २००१-०२ मध्ये १,१०० कोटी लिटरच्या वर, आता ८५० कोटींच्या आत. दुष्काळ, पाण्याचे चढे भाव, विकून टाकलेले गोठे.

आणि आपण? २०२३-२४ मध्ये भारताचं दूध २३.९ कोटी टन, जगात पहिला नंबर, पण जवळजवळ सगळं घरातच संपतं. त्यातलं चाळीस टक्क्यांहून जास्त म्हशीचं, ज्यात फॅट साडेसहा-सात टक्के. जागतिक तक्त्यात मात्र तो टन आणि न्यूझीलंडच्या गाईचा टन एकाच रकान्यात बसतात. आमच्या हलवायाच्या वहीत ते बसत नाहीत. तिथे दोन रकाने आहेत, ‘भैंस’ आणि ‘गाय’, आणि दोन्हींखाली फक्त ग्रॅम.