छाती दाबायची, हे आलं कुठून

कोणी चालताबोलता गेलं की नागपूरच्या पेपरात ठरलेली ओळ येते, "हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन". या एका ओळीत दोन वेगळ्या गोष्टी एकात एक होऊन जातात. हार्ट अटॅकमधे हृदयाची रक्तवाहिनी बंद पडते, माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, घाम फुटतो, छातीत दुखतंय म्हणून सांगू शकतो. कार्डियाक अरेस्टमधे हृदयाचं पंपिंगच थांबतं आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. अटॅकमधून अरेस्ट येऊ शकतो, मोठ्या वयात मुख्य कारण रक्तवाहिन्यांचा आजारच, पण जाड झालेला हृदयाचा स्नायू, जन्मापासूनचा ठोक्यांचा दोष, पोटॅशियमची गडबड, बुडणं, करंट लागणं, यांनीही तो येतो. आणि पुष्कळदा हृदय एकदम शांत झालेलं नसतं, त्याचे खालचे कप्पे नुसते थरथरत असतात, त्याला व्हीएफ म्हणतात, आणि शॉक देतात तो ही थरथर मोडायला.

करंटचं मी मुद्दाम लिहिलं. माझे बाबा लाइनमन होते, कोराडीपासून काटोलपर्यंत पोल चढलेत, त्यामुळे हा इतिहास वाचताना मला पहिला धक्का हा बसला की आज आपण जे सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवणं, शिकतो त्याच्या मुळाशी लाइनमनचेच मृत्यू आहेत. १९२० च्या दशकात अमेरिकेत तारांवर काम करणारी माणसं करंट लागून मरत होती, वीज कंपन्यांना त्यावर उपाय हवा होता, त्यांच्या पैशातून जे संशोधन सुरू झालं त्यात विल्यम कौवेनहोवेन होते, हे डॉक्टर नव्हते, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्रोफेसर होते. विजेच्या शॉकने कुत्र्यांच्या हृदयात व्हीएफ आणता येतो आणि शॉकनेच तो मोडताही येतो हे जिनिव्हात १८९९ मधेच प्रिव्हो आणि बातेली यांनी दाखवलं होतं, पण माणसासाठी ते वापरायला जवळपास अर्धं शतक गेलं. १९४७ मधे क्लीव्हलँडला क्लॉड बेक यांनी १४ वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयाला शॉक दिला, मुलगा वाचला. १९५६ मधे पॉल झोल यांनी छाती न उघडता बाहेरूनच शॉक देऊन दाखवला.

पण शॉकचं मशीन येईपर्यंत काय करायचं? तेव्हा एकच उत्तर होतं, सर्जनने छाती कापायची आणि हृदय हातात धरून दाबायचं. ते रस्त्यावर कोण करणार.

याचं उत्तर १९५८ मधे जवळजवळ अपघाताने सापडलं. कौवेनहोवेनच्या लॅबमधला तरुण संशोधक गाय निकरबॉकर कुत्र्याच्या छातीवर शॉकचे जड पॅडल दाबून धरत होता, आणि त्याच्या लक्षात आलं की नुसतं दाबल्यानेच पायाच्या रक्तवाहिनीतलं प्रेशर वर जातंय. शॉक अजून दिलाच नव्हता. (जर्मनीत फ्रीड्रिख मास यांनी १८९१ च्या सुमारास छाती दाबून पेशंट परत आणले होते, ते सगळे विसरून गेले होते, याचं मला फार वाईट वाटतं.) मग सर्जन जेम्स ज्यूड सोबत आले आणि १९६० मधे तिघांचा पेपर आला, २० पेशंट, त्यातले १४ वाचले, आणि लागतात फक्त दोन हात. तोंडाने श्वास देण्याचं काम पीटर साफार आणि जेम्स इलम यांनी त्याच काळात पक्कं केलं होतं, दोन्ही जोडून सीपीआर झालं.

आता २० पैकी १४ म्हणजे ७० टक्के, हा आकडा मात्र जपून वाचायला पाहिजे. ते पेशंट हॉस्पिटलमधे होते, बरेचसे तर भूल दिलेले, म्हणजे डॉक्टर शेजारीच उभा. रस्त्यावर, घरात कोसळलेल्यांचं बघितलं तर अमेरिकेत आजही साधारण दहातला एकच जगून घरी जातो. कोणाला धरून मोजलं यावर निकाल बदलतो, म्हणून १९९० मधे नॉर्वेतल्या उत्स्टाइन मठात जगभरचे डॉक्टर बसले आणि सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजायचं असं ठरवलं.

बाहेरच्या पेशंटसाठी खरं पाऊल उचललं बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनी, १९६६ मधे, कारच्या बॅटऱ्यांवर चालणारा सुमारे ७० किलोचा डिफिब्रिलेटर, म्हणजे तेच शॉकचं मशीन, ॲम्ब्युलन्समधे चढवून. पुढे मशीन लहान होत गेलं, एईडी आलं, म्हणजे ठोके स्वतःच तपासून शॉक द्यायचा की नाही ते सांगणारं मशीन, साध्या माणसालाही वापरता येणारं. २००० मधे अमेरिकेतल्या कॅसिनोंचा अभ्यास आला, तिथे सिक्युरिटी गार्डना एईडी शिकवलं होतं, तीन मिनिटांच्या आत शॉक मिळालेल्यांपैकी ७४ टक्के वाचले, उशीर झालेल्यांपैकी ४९ टक्के. गार्ड होते हो, डॉक्टर नाही!

नंतरच्या मोठ्या प्रयोगांनी इतकं दिलं नाही. हृदय पुन्हा सुरू झाल्यावर शरीर थंड ठेवण्याच्या उपचाराने २००२ मधे खूप आशा दाखवली, २०१३ आणि २०२१ च्या चाचण्यांत ती टिकली नाही. ब्रिटनमधे ८ हजारांवर पेशंटवर ॲड्रेनालिन हे अरेस्टमधे देतात ते औषध तपासलं, २०१८ चा निकाल, महिनाभर जगलेले २.४ वरून ३.२ टक्क्यांवर गेले पण मेंदू शाबूत राहून जगणाऱ्यांत ठळक फरक दिसला नाही. मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला लागते, औषध पोचतं त्याच्या बरंच नंतर.

अंबाझरीला सकाळी फिरताना आमच्या ग्रुपमधले एक काका असेच पडले होते. "काहून पडले बा?" "पाणी पाजा त्यायले," "श्वास चालू आहे ना, मेडिकलले न्या लवकर," आणि आम्ही त्यांना उचलून कारच्या मागच्या सीटवर टाकलं. तोंड उघडून मधेच एक मोठा खर्रर्र श्वास घेत होते, मी त्यांचा हात धरून बसले होते आणि तो आवाज ऐकून मला धीर येत होता. तो श्वास नव्हता, त्याला गॅस्पिंग म्हणतात, अरेस्टमधे पहिल्या काही मिनिटांत ते दिसतं आणि लोक हमखास फसतात, हे मला नंतर कळलं. काका गेले.

२०१७ मधे आपल्या देशातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने साध्या माणसासाठी वेगळी पद्धत काढली, फक्त छाती दाबायची, तोंडाने श्वास द्यायचा नाही, कारण अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायला लोक कचरतात आणि मग काहीच करत नाहीत. मी ती शिकले. पुतळ्यावर शिकवतात, असला पुतळा १९६० मधे नॉर्वेच्या एका खेळणी बनवणाऱ्याने काढला, त्याला चेहरा दिला पॅरिसच्या नदीत सापडलेल्या अनोळखी मुलीचा म्हणतात त्या मुखवट्याचा. छातीच्या मधोमध तळहात, कोपरं ताठ, पाच ते सहा सेंटीमीटर खाली, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दीड मिनिटात माझे दंड भरून आले, दाब उथळ पडायला लागला, शिकवणारे सर म्हणाले ताई, आता शेजारच्याला द्या, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, पण हात थांबू द्यायचे नाही.